आधी पत्ता, मग खोली

मे महिन्यात गुहागरला घरी आले की आंब्याच्या पेट्या भरता भरता फोन वाजतोच. "ताई, जर्मनीला जायचं चाललंय, राहायचं कसं करू?" यंदा तिघं घरीच आली. ओटीवर बसून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आपल्याकडे कॉलेजात प्रवेश घेतला की हॉस्टेलचा फॉर्म त्याच ऑफिसात मिळतो. मीही तेच धरून चालले होते. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं, म्हणजे वोनहाइम, बहुतेक करून श्टुडिरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं म्हणून खोली मिळत नाही. अर्ज वेगळा, रांग वेगळी, आणि मोठ्या शहरांत ती रांग सेमिस्टर उलटलं तरी सरकत नाही. मी आखेनला मास्टर्सला गेले तेव्हा व्हिसा हातात पडल्यावर, ऑगस्टअखेर अर्ज केला. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. माझा नंबर कुठून लागणार? आगोटीची बेगमी मिरगाआधी करायची असते. बऱ्याच ठिकाणी प्रवेशपत्र यायच्या आधीही नाव नोंदवून घेतात, म्हणून विद्यापीठाला अर्ज पाठवाल त्याच आठवड्यात हाही पाठवा. काही ठिकाणी अधूनमधून "मला अजून खोली हवी आहे" असं कळवावं लागतं, नाहीतर यादीतून नाव जातं. मेल रोज बघा.

वोनहाइम मिळालं नाही की उरते वेगे. एका फ्लॅटमध्ये तीन-चार जण, प्रत्येकाची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. वेगे-गेझुख्ट नावाच्या वेबसाइटवर जाहिराती असतात. तिथे राहणारी मुलंच नवा माणूस निवडतात, त्यामुळे सगळ्यांना एकच छापील मेसेज पाठवून उपयोग नाही. जाहिरात नीट वाचून दोन ओळी स्वतःबद्दल लिहा, जमेल तेवढ्या जर्मनमध्ये. माझी व्हिडिओ मुलाखत सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, उभ्याने झाली, कारण घरात रेंज नव्हती. तिथे दुपारचे चार, इथे साडेसात, काळोख पडलेला, बाबा शेजारी बॅटरी धरून. त्या फ्लॅटमधल्या मुलांनी मला मार्क विचारले नाहीत. भांडी लगेच घासतेस का, रात्री किती वाजता झोपतेस, एवढंच विचारलं.

ती खोली नोव्हेंबरपासून होती. मधल्या सहा आठवड्यांसाठी मी पोटभाड्याने एक खोली घेतली. देणारा म्हणाला, इथे आनमेल्डुंग होणार नाही. मी मान डोलावली, आणि इथेच चुकले. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द लिहूनच ठेवा. नोंदणी नाही तर राहण्याच्या परवान्याचं काम अडतं, टॅक्स नंबरचं पत्र येत नाही, आणि मग अर्धवेळ नोकरीचंही खोळंबतं. माझे ते सहा आठवडे असेच गेले. आता कुणीही खोलीचा फोटो पाठवला की मी भाड्याआधी हेच विचारायला लावते: आनमेल्डुंग होतं का?

आमच्या वाडीत पोस्टमन नुसत्या बाबांच्या नावावर पत्र पडवीत आणून देतो. तिथे खालच्या पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं, मग पत्ता कितीही बरोबर असू दे. पहिल्याच संध्याकाळी चिठ्ठीवर नाव लिहून सेलोटेपने चिकटवा.

पैशाचं. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते वार्ममीटे, हिशेब त्याचाच करा. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ हातात येतात, आणि त्यातच सगळं बसवायचं. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, ती वाटून घ्या. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. बागेवर चालणाऱ्या घरातून हे पैसे कसे उभे राहतात ते मला माहीत आहे, म्हणून कळकळीने सांगते: "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठव, किल्ली कुरिअरने येईल" असं म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. त्या शहरात शिकणाऱ्या कुणाला तरी घर बघून यायला सांगा. आधी करार, मग पैसे.

किल्ली घेताना भिंती, गादी, नळ, सगळ्याचे फोटो काढा आणि हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. बुरशीकडे खास लक्ष द्या. जुलैत आपल्याकडे चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी चढते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिथे थंडीत खिडक्या बंद, आत भात शिजतोय, हीटरवर कपडे वाळतायत, की कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात. खोलीला हवा दिली नाही म्हणून घरमालक त्याचा खर्च डिपॉझिटमधून मागू शकतो. कितीही गारठा असो, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडा.

तिघांतल्या धाकटीचं प्रवेशपत्र अजून आलेलं नाही. घरात रेंज आजही नाही, म्हणून तिला सड्यावर घेऊन गेले आणि वोनहाइमचा अर्ज तिथेच भरून घेतला.