शिकारी पक्ष्यांचे आध्यात्मिक अर्थ कसे वाचावेत

शिकारी पक्ष्यांचा विषय निघाला की बळ, विजय आणि तीक्ष्ण नजर हे अर्थ सर्रास सांगितले जातात. आपल्याकडच्या कथा नीट वाचल्या, तर मात्र त्यांत त्यागाचा अर्थ अधिक ठळक दिसतो आणि ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला तो पोथीबाहेरही पाहता येतो.

सुरुवात पक्षी ओळखण्यापासून करावी, कारण पक्षी चुकला की त्याला जोडलेली कथाही चुकते. अंगाने तपकिरी आणि शेपटीला खाच असलेली ती साधी घार. डोके व छाती पांढरीशुभ्र आणि बाकी अंग विटकरी असलेली ती ब्राह्मणी घार. हिलाच अनेक ठिकाणी विष्णूच्या गरुडाचे रूप मानतात. येऊरच्या जंगलावर, ऊन तापू लागल्यावर, लांब शीळ घालत घिरट्या घेणारा आणि पंखांखाली रुंद पांढरा पट्टा मिरवणारा तो सर्पगरुड.

त्यानंतर पक्ष्याचे वागणे पाहावे, आणि त्यासाठी ओहोटीच्या वेळची ऐरोलीची खाडी उत्तम. ब्राह्मणी घार मासा उचलून निघते न निघते तोच कावळे आणि साध्या घारी तिच्या मागे लागतात. ती वळसे घेते, एकदम खाली येते, पुन्हा वर उठते, आणि पाठलाग फारच अंगाशी आला तर पंजातला मासा सोडून देते. मासा सुटताच सगळा थवा त्याच्यामागे जातो आणि तिच्याभोवतीचे आकाश मोकळे होते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले, त्यांतला कुरर हा शिकारी पक्षी नेमके हेच शिकवतो : मांस धरून होता तोवर बलवान पक्ष्यांनी त्याला टोचले, ते टाकले तेव्हाच त्याला सुख लाभले. संत एकनाथांच्या टीकेमुळे, म्हणजे एकनाथी भागवतामुळे, हा स्कंध मराठी घरांत पोहोचला आहे. तो प्रसंग वाचून झाल्यावर, आपण स्वतः काय धरून बसलो आहोत आणि त्यापायी कोण आपल्या मागे लागले आहे, हे वहीत दोन ओळींत लिहावे. माझ्या मते संपूर्ण अभ्यासाचा गाभा हाच आहे.

गरुडाची कथा महाभारताच्या आदिपर्वातून घ्यावी. आई विनतेला दास्यातून सोडवण्यासाठी त्याने स्वर्गातून अमृत आणले, पण वाटेत त्याचा एक थेंबही चाखला नाही, आणि या निर्लोभीपणावर प्रसन्न होऊन विष्णूने त्याला वर दिला. पंढरपुरात दर्शनाआधी गरुडखांबाला मिठी मारताना ही गोष्ट मनात असावी. साध्या घारीसाठी ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी’ ही ओळ पुरेशी आहे. कामाच्या रगाड्यात नामस्मरण कसे टिकवावे, याचे इतके सोपे उत्तर दुसरे नाही.

घार कोणत्या बाजूने गेली यावरून शकुन काढत बसू नये. ताईत म्हणून तिची नखे किंवा पिसे तर मुळीच बाळगू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्यांना संरक्षण आहे.

जटायूचा अभ्यास मात्र पक्षी पाहून करता येत नाही, कारण आपल्या शहरांवर गिधाड आता सहजी दिसत नाही. सीतेसाठी रावणाशी झुंजताना पंख गमावलेल्या, आणि रामाने स्वतः ज्याचे अंत्यसंस्कार केले, त्या जटायूचे हे वंशज गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे मोठ्या संख्येने मेले. हे औषध खाल्लेल्या जनावराचे मढे खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ज्यांच्या गावी अजून गुरे आहेत, त्यांनी जटायूचे स्मरण करताना घरच्यांना फोन करावा आणि गुरांच्या सुजेवर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅमच लिहून घ्यायला सांगावे. ते गिधाडांना अपाय करत नाही.