रोटाव्हेटर लो-1 वर नको : डिझेलही जातं, सोयाबीनही

इंदूर, सांवेर, देपालपूर, महू भागातल्या शेतकरी बांधवांनो, पाऊस दारात आहे. शेवटची मशागत आता घाईत उरकली जाईल आणि दर वर्षीची चूक याच घाईत होते. गियर लो-1 म्हणजे सगळ्यात हळू, रेस (इंजिनचा वेग) पूर्ण, मागे फिरत्या पात्यांनी माती कापणारा रोटाव्हेटर. मातीची भुकटी होते, रान सुरेख दिसतं. मग पेरणीवर एक दणका पाऊस पडतो, ऊन तापतं, काळ्या मातीवर पापडी धरते आणि सोयाबीनच्या कोंबाची मान आतच मोडते. अशी दुबार पेरणीला आलेली रानं मी दर खरिपात बघतो. बियाणं दोनदा, डिझेल दोनदा.

रोटाव्हेटरची रेस आपल्या मर्जीची नाही. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, मिनिटाला 540 फेरे मिळतील तेवढीच ठेवायची. मीटरवर तशी खूण असते. हातात उरतो तो गियर. पात्यांचा वेग तोच ठेवून ट्रॅक्टर जरा पुढे पळाला की प्रत्येक पातं जाड काप घेतं, बोराएवढी ढेकळं राहतात, एकरही लवकर उरकतो. म्हणून लो-2 लावून बघा, इंजिन सहज ओढत असेल तर लो-3. एकच पाळी द्या. इकॉनॉमी पीटीओ असेल तर हलक्या रानात तोच वापरा, 540 फेरे कमी रेसवर मिळतात.

कल्टिव्हेटर, बखर, ट्रॉलीला पीटीओचं बंधन नाही. तिथे गियर वर, रेस खाली. 2000-2200 फेऱ्यांचं इंजिन हलकं काम 1500-1600 वर निभावतं. ओझं असताना रेस थोडी वाढवून बघा: इंजिनने लगेच उचल घेतली तर गियर बरोबर, गुरगुरलं, काळा धूर सोडला तर एक गियर खाली या. आधी एअर क्लीनर मात्र बघा, तो तुंबला तरी धूर काळाच येतो. माझा भरवसा मीटरपेक्षा कानावर जास्त आहे.

ओल्या रानात तर कुठलाच गियर वाचवत नाही. चाक 15 टक्क्यांहून जास्त घसरलं की डिझेल जागीच जळतं आणि खाली माती दाबून घट्ट होते. मूठभर मातीचा गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, चपटा झाला तर ट्रॅक्टर घरी.

मायलेज वाढवणाऱ्या बाटल्या दुकानदार गळ्यात मारतात. घेऊ नका. त्या पैशात फिल्टर येतो.

बाकीची कामं:
- पेरणी : मान्सूनचा साधारण 100 मिमी पाऊस झाल्यावरच
- उगवण तपासणी : किमान 70 टक्के
- ओळी 45 सेंमी, खोली 3-4 सेंमी
- बीजप्रक्रिया, शेवटी रायझोबियम (नत्राचे जिवाणू) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) : प्रत्येकी 5 ग्रॅम प्रति किलो बियाणं
- टायरची हवा, इंजिन ऑइल

पेरणी करून गेलात आणि पापडी धरलीच, तर कोंब वर यायच्या आत ओळींवरून हलकी काटेरी फांदी फिरवा. त्यालाही ट्रॅक्टर नको, बैलजोडी मिळाली तर बरं.