फौजी आणि परराष्ट्र खात्याचा माणूस एका टेबलावर बसणार असतील तर आधी हे करा

एनडीएतून किंवा यूपीएससीतून पुढे गेलेली आपली पोरं कधी ना कधी एकमेकांबरोबर कामाला लागतातच, कुणी दूतावासात डिफेन्स अताशे म्हणजे तिथला लष्करी अधिकारी म्हणून जातं तर कुणाला सीमेवरच्या बैठकीला जायची ऑर्डर येते, त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी शब्द एक करून घ्या. लडाखमध्ये 2020 पासून चीनशी झालेल्या तणावाचंच बघा, डिसएंगेजमेंट म्हणजे समोरासमोर उभे असलेले जवान मागे घेणं आणि डी-एस्कलेशन म्हणजे मागे आणून ठेवलेली जादा फौज, तोफा, रणगाडे कमी करणं, दोन्हीत प्रचंड फरक आहे. फौजीला "मागे" म्हणजे कुठल्या पॉइंटपर्यंत आणि किती वाजता हे लागतं, कारण रात्री पोस्टवर त्याचीच पोरं उभी असतात. डिप्लोमॅट वाक्य मुद्दाम थोडं सैल ठेवतो, कारण समोरच्यालाही घरी जाऊन तोंड दाखवायचं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणून मसुदा घेऊन बसा आणि प्रत्येक सैल वाक्यावर विचारा, हे मुद्दाम ठेवलंय का चुकून राहिलंय? मुद्दाम असेल तर राहू द्या, पण तिथल्या कमांडरने त्याचा अर्थ काय धरायचा हे त्याला वेगळं लिहून द्या.

दुसरं, एकत्र लवकर बसा. 2020 मध्ये भारत आणि चीनच्या कोअर कमांडरांची, म्हणजे त्या भागातल्या बड्या लष्करी अधिकाऱ्यांची, पहिली बैठक 6 जूनला झाली, 15 जूनला गलवान खोऱ्यात दोन्ही फौजांची जीवघेणी झटापट घडली, आणि परराष्ट्र खात्याचे सहसचिव नवीन श्रीवास्तव या बैठकीत आले ते थेट सहाव्या फेरीला, 21 सप्टेंबरला सीमेच्या चीनकडच्या बाजूला मोल्डोत. त्या फेरीनंतर दोन्ही बाजूंचं संयुक्त निवेदन निघालं, की पुढच्या फळीत आणखी सैनिक पाठवायचे नाहीत. मला मनापासून वाटतं हे आधीच व्हायला हवं होतं.

"दिल्लीला विचारून सांगतो" म्हणजे टाळाटाळ नव्हे हे फौजींनी लक्षात ठेवा, त्याला खरंच विचारावं लागतं. आणि डिप्लोमॅट मंडळींनो, सीनियरसमोर कर्नल गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं धरू नका, चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारा.

घाईची वेळ असेल तर मात्र चर्चा कमी, वाटणी आधी. येमेनमधून 2015 मध्ये लोकांना काढलं तेव्हा 31 मार्चला आयएनएस सुमित्राने एडनहून 349 भारतीयांना बाहेर आणलं. अशा वेळी याद्या, कागदपत्रं, बंदराची परवानगी हे दूतावासाकडे द्या, बोटी, सुरक्षा आणि जहाज किती वेळ थांबणार हे कॅप्टनकडे, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही.

बैठक संपली की कितीही दमलेले असा, त्याच रात्री दोघांनी मिळून एकच नोट लिहा. वेगवेगळ्या दोन नोटा वर गेल्या तर पुढच्या फेरीआधीचा अर्धा वेळ नक्की काय ठरलं होतं यातच जातो.