स्टार ट्रॅकर निवडताना आणि लावताना या चुका टाळा

छायाचित्रात ताऱ्यांऐवजी रेघा उमटल्या की दोष ट्रॅकरला दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो यंत्रावर अन्याय असतो. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेते. त्याच गतीने कॅमेरा उलट दिशेला फिरवत राहणे एवढेच ट्रॅकरचे काम. मात्र त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्याकडे, नीट रोखलेला नसेल, तर महागडा ट्रॅकरही ताऱ्यांच्या मागे जाऊ शकत नाही.

आपल्याकडची खरी अडचण ही, की ध्रुव फार खाली असतो. एखाद्या ठिकाणचा जो अक्षांश, साधारण तेवढीच तिथे ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची. म्हणजे नागपुरात सुमारे २१ अंश, पुण्यात साडेअठरा आणि गोव्यात साडेपंधरा. इतक्या खाली हवा धुरकट असते आणि डोंगराची कड सहज आड येते. अंधाराच्या शोधात पुण्याहून भोरकडे गेलेल्यांच्या तर शहराचा उजेड नेमका उत्तरेलाच राहतो. त्यामुळे मृगातला तेजोमेघ टिपायचा म्हणून केवळ मृगाच्या दिशेचे आकाश पाहून जागा ठरवणे ही मोठी चूक आहे. उत्तरेचे क्षितिज मोकळे आहे की नाही, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे.

ध्रुवमत्स्य या ध्रुवताऱ्याच्याच तारकासमूहाच्या दुसऱ्या टोकाचा एक तारा जवळजवळ ध्रुवताऱ्याइतकाच तेजस्वी असल्याने त्यालाच ध्रुव समजण्याची चूकही होते. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने खात्री करावी. शिवाय ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे. तो त्या बिंदूपासून चंद्रबिंबाच्या व्यासाहून थोडा अधिक दूर आहे, म्हणून पोलर स्कोपच्या (अक्ष ध्रुवाकडे रोखण्यासाठीच्या छोट्या दुर्बिणीच्या) मध्यभागी न ठेवता तिच्यात आखलेल्या वर्तुळावर, त्या वेळेसाठी ॲप दाखवेल त्या जागी ठेवावा. पोलर स्कोपमधले दृश्य उलटे दिसते, हेही ध्यानात असू द्यावे.

ही काटेकोरी किती हवी, हे भिंगावर ठरते. अक्ष एक अंशाने चुकला, तर तारा एका मिनिटात जास्तीत जास्त सुमारे १६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. २४ मिमीच्या भिंगात हे जाणवतही नाही, पण २०० मिमीच्या भिंगात, पिक्सेल चार मायक्रॉनचा धरल्यास, ती जवळपास चार पिक्सेलची रेघ होते. म्हणूनच नवशिक्याने सुरुवात लहान भिंगाने करावी, असे मला मनापासून वाटते.

अक्ष आधी जुळवून मग कॅमेरा चढवणे हा क्रम चुकीचा आहे, कारण वजनाने वेज, म्हणजे ट्रॅकरला ध्रुवाच्या उंचीइतका कल देणारी बैठक, किंचित वाकते. कॅमेरा, भिंग आणि काउंटरवेट (दुसऱ्या बाजूचे तोलाचे वजन) लावून, तोल साधून मग अक्ष जुळवावा, आणि कॅमेरा लक्ष्याकडे वळवल्यावर तो पुन्हा एकदा तपासावा.

खरेदी करताना कंपनीने दिलेली भारक्षमता पूर्ण वापरता येईल असे गृहीत धरू नये; लांब भिंगासाठी निम्म्या ते दोन तृतीयांश भारावर थांबणे बरे. वेज १५ अंशांपर्यंत खाली उतरते का आणि त्या कलात काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायांवर आपटत तर नाही ना, हे दुकानातच पाहावे. किरकोळ ट्रायपॉडवर चांगला ट्रॅकर लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. सह्याद्रीच्या वाऱ्यात मधला दांडा वर काढलेला ट्रायपॉड थरथरतोच.

तरीही रेघा आल्या, तर त्यांचे स्वरूप पाहावे. सर्व फ्रेममध्ये सारख्याच आणि एक्सपोजर वाढवताच लांबणाऱ्या रेघा अक्षाची चूक दाखवतात. काही फ्रेम स्वच्छ आणि काहींत पूर्व-पश्चिम ताण असेल, तर तो गिअरचा आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारा, दोष असतो. त्यावर एक्सपोजर कमी करणे हाच सोपा उपाय. वेड्यावाकड्या रेघा वाऱ्याच्या किंवा धक्क्याच्या असतात. ट्रॅकर बंद असताना येतात तेवढ्याच रेघा आल्या, तर क्लच, म्हणजे कॅमेरा फिरत्या अक्षाला घट्ट जोडणारी कळ, सैल राहिला आहे. आणि दुप्पट लांब आल्या, तर गोलार्धाचे बटण दक्षिणेवर आहे.