हृदय कमजोर असताना व्यायाम आणि बीपी : या चुका टाळा

साताऱ्यात माणसाची तब्येत अजिंक्यताऱ्यावर मोजतात. ‘रोज किल्ला चढतोय की मी’ असं कुणी म्हटलं, की समोरचा पुढं काही विचारतच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमजोर झालेला, पेशंट औषधांनी जरा सावरला, दम कमी झाला, की त्याचा पहिला प्रश्न असतो : किल्ला कधी चढू?

चालायला हवंच, त्यात शंका नको. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या अभ्यासात २,३३१ रुग्ण होते आणि बेताबेतानं वाढवलेला व्यायाम कमजोर हृदयालाही सोसतो, हे त्यात दिसलं. चूक होते ती बीपीचा आकडा वाचताना.

वाढलेल्या बीपीला भ्यायचं, उतरलेल्यावर खूश व्हायचं

चढावर वरचा आकडा वाढणं अपेक्षितच असतं. १२० चे १५० झाले आणि खालचा आकडा जवळपास जागेवर राहिला, तर हृदय आपलं काम करतंय. चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडं धावतं आणि हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. पंपिंग कमी असलेल्या हृदयाला ते पुरेसं जमत नाही. मग दाब हवा तेवढा वाढत नाही, आणि कधी कधी चालता चालताच उतरतो.

माझ्याकडं येणाऱ्या एका काकांना ट्रेडमिलवर चालवत होते. सुरुवातीला वरचा आकडा ११४ होता. थोडा चढ दिला आणि तो १०२ वर आला. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम, बोलताना शब्द तुटत होते. आणि तशात ते म्हणाले, “बीपी कमीच आहे की मॅडम, मग बरंच आहे.” ते अजिबात बरं नव्हतं. श्रम वाढत असताना वरचा आकडा सुरुवातीपेक्षा १० हून जास्त खाली आला, तर तिथंच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. हे तुमच्या घरात कुणालाच माहीत नसेल, तर आज सगळ्यांना सांगा.

उलटंही होतं. काहींचं पंपिंग ठीक असतं, पण हृदय ताठर झालेलं असतं. त्यांचा दाब थोड्या श्रमानंही भराभर चढू शकतो. बसल्या जागीच १८०/११० च्या वर असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको.

बीपी १०० आला म्हणून गोळी बंद

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण घरचे ती प्रेमापोटी करतात. पर्चीवर ‘बीपीची गोळी’ दिसते, मशिनवर १००/६० दिसतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘आज राहू दे.’ बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) असो की रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, हार्ट फेल्युअरमध्ये ती हृदयाची राखण करायला दिलेली असते. चक्कर नाही, थकवा नाही, लघवी नीट होतेय, तर अनेकांना १००/६० चालतो. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून देतात. आपल्या मनानं बंद करू नका.

बीटा ब्लॉकरमुळं नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघून वेग ठरवू नका. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. मी तेवढंच बघते.

मीठ-साखरेचं पाणी

चक्कर आली की शेजारचं कुणीतरी तांब्या घेऊन येतंच. पण मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी पुन्हा याच हृदयाला उपसावं लागतं. आधी खाली बसवा किंवा आडवं करा. आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर टेकून बसवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. ३ दिवसांत २ किलो वाढलं, तर ते साठलेलं पाणी समजा आणि चालायला न जाता डॉक्टरांना फोन करा.

एकदम थांबणं

लोक तरातरा किल्ल्याजवळच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत जातात आणि शहर बघत तसेच उभे राहतात. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त पायांत साचतं आणि दाब कोसळतो. शेवटची ५ ते १० मिनिटं रमतगमत चाला. घरी आल्या आल्या कढत पाण्यानं आंघोळ करू नका, त्यानंही दाब उतरतो. थंडीत ही चूक फार होते. अर्धा तास थांबा, मग कोमट पाणी घ्या.

श्वास रोखून गॅसची टाकी उचलणं, भरलेली बादली जिन्यानं वर नेणं हेही टाळा. त्या क्षणी दाब एकदम उसळतो.

मशिनचं म्हणाल तर स्वेटरच्या बाहीवर पट्टा बांधून, गप्पा मारत घेतलेलं बीपी धरू नका. ५ मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर ठेवा. नाडी अनियमित असेल, तर ३ वेळा मोजून सरासरी काढा.

छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा बसूनही दम ओसरला नाही, तर १०८ ला फोन करा.

ते काका आता सपाट मैदानावर फेऱ्या मारतात. आधी १० मिनिटं, मग १५. चढ अजून दिलेला नाही. वहीत रोज वजन, निघण्याआधीचं बीपी आणि आल्यावर थोडं बसून घेतलेलं बीपी लिहून आणतात. दर आठवड्याला किल्ल्याचं विचारतात. मी वही बघते आणि मिनिटं वाढवून देते.