टर्बो ३५० गिअरबॉक्स घरी उघडण्याआधीची तयारी

बॉक्स खाली उतरवण्याआधी गाडी एकदा शेवटची चालवून घ्या आणि शेजारी कुणाला तरी वही देऊन बसवा. कुठल्या गिअरला गाडी उचलते, कुठे इंजिन नुसतंच ओरडतं, किती वेगाला गिअर बदलतो आणि बदलताना धक्का बसतो की घसरतो, हे सगळं लिहून घ्यायचं. ही यादी जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० या तीन गिअरच्या बॉक्सला धरून केली आहे. १९६९ पासून तो शेव्हरोले, पॉन्टिॲक, ब्यूक अशा ढीगभर गाड्यांत बसला, आणि पहिल्यांदा ऑटोमॅटिक उघडणाऱ्याला याहून सरळ बॉक्स सहसा मिळत नाही. दुसरा बॉक्स असेल तर पद्धत हीच, आकडे त्याच्या मॅन्युअलचे.

वहीतल्या नोंदींवरून बराचसा निदानाचा भाग टेबलाआधीच उरकतो. फॉरवर्ड क्लच सगळ्या पुढच्या गिअरना लागतो. म्हणजे रिव्हर्स ठीक आणि पुढे काहीच नाही, तर बोट आधी त्याच्याकडे. डायरेक्ट क्लच तिसऱ्याला आणि रिव्हर्सला लागतो, त्यामुळे ती दोन्ही एकदम गेली असतील तर तो संशयित. ‘डी’मध्ये गाडी जागची हलत नाही पण दांडी ‘१’वर आणली की हलते, असं असेल तर लो रोलर क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) गेलेला असतो, कारण ‘१’मध्ये त्याच्या मदतीला लो-रिव्हर्स क्लच येतो. न्यूट्रलमध्येही गाडी पुढे सरकते? फॉरवर्ड क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असणार. एवढं माहीत असेल तर बॉक्स उघडल्यावर कुठला पिस्टन, कुठलं सील, कुठली रिंग भिंगाखाली धरायची ते ठरलेलं असतं. जळलेल्या प्लेटा बदलल्या आणि जळण्याचं कारण आतच राहिलं, तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातात. घरी केलेले बहुतेक फसलेले रिबिल्ड असेच फसतात.

काही आजार तर बाहेरचेच असतात. मागच्या बाजूच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या ओढीवरून बॉक्समधला तेलाचा दाब ठरवणाऱ्या डबीची) रबरी नळी काढून बघा. आत लाल तेल दिसलं तर त्याचा पडदा फाटलाय. इंजिन ते तेल ओढून जाळतं, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, आणि खाली एक थेंब न सांडता पातळी उतरत जाते. नळी चिरलेली किंवा दबलेली असेल तर गिअर उशिरा आणि आपटून पडतात. बॉक्स पहिल्यातून दुसऱ्यात जायलाच तयार नसेल तर तारेच्या क्लिपने धरलेलं गव्हर्नरचं (गाडीच्या वेगावरून गिअर बदलायला लावणाऱ्या भागाचं) गोल झाकण काढा आणि त्याच्या नायलॉनच्या गिअरचे दात तपासा. किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल तुटलीय का, हेही तेव्हाच. हे तिन्ही गाडीखाली झोपून होतं.

तेलाची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसा. करपट वास आणि तपकिरी रंग म्हणजे प्लेटा जळल्या. तेल गुलाबी आणि दुधाळ दिसत असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत आलंय. अशा वेळी दिसायला चांगली असलेली फ्रिक्शन प्लेटही ठेवायची नाही, पाण्याने तिचा चिकटवलेला थर सुटतो. रेडिएटरही यादीत आला.

किट मागवण्याआधी बॉक्सची ओळख पक्की करा. टर्बो ३५० च्या पॅनला (तळाच्या तेलाच्या ट्रेला) १३ बोल्ट आणि चौकोनाचा एक कोपरा छाटल्यासारखा. टर्बो ४०० लाही १३ बोल्टच, पण त्याचा पॅन वेडावाकडा आणि किकडाउन केबलऐवजी विजेवर. पॉवरग्लाइडला १४. शेवटच्या वर्षांतले काही ३५० लॉक-अप कन्व्हर्टरचे आहेत (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणारा गोल डबा), त्यांचा पंप वेगळा. आधी फक्त गॅस्केट, रबर सील, सीलिंग रिंगा, फिल्टर आणि फ्रिक्शन प्लेटा एवढंच मागवा. स्टील प्लेटा, बुश, वॉशर, रोलर क्लच, ड्रम यांची ऑर्डर बॉक्स उघडून मोजमाप झाल्यावर. किटच्या पेटीवर ‘मास्टर’ लिहिलेलं असलं तरी त्यात बुश असतीलच असं नाही, आतली यादी वाचून घ्या.

आता उतरवणं. नुसता बॉक्स साधारण ५५ किलोचा, शिवाय तेलाने भरलेला कन्व्हर्टर. तो छातीवर घेऊन उतरवायचा विचारही नको. पट्टा असलेला ट्रान्समिशन जॅक भाड्याने का होईना आणा. गाडी चार मजबूत स्टँडवर, बॅटरीची तार काढलेली, आणि इंजिनाच्या मागच्या टोकाखाली स्वतंत्र आधार. तो नसेल तर बॉक्स सुटताच इंजिन मागे कलतं, डिस्ट्रिब्युटर फायरवॉलवर दाबला जातो. प्रोपेलर शाफ्ट निघाल्यावर मागच्या टोकातून तेल गळतं, त्यासाठी बूच किंवा जाड पिशवी आणि रबरबँड हाताशी असू दे. कन्व्हर्टर बॉक्सबरोबरच बाहेर आला पाहिजे. तो घसरून पायावर पडू नये म्हणून बेल हाउसिंगला (बॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या तोंडाला) आडवी पट्टी बांधा.

हत्यारांत नेहमीच्या पान्यांपलीकडे हे लागतं: इंच-पाउंडात वाचणारा टॉर्क रेंच, आतल्या आणि बाहेरच्या सर्क्लिपसाठी वेगवेगळे पक्कड, फीलर गेज, चुंबकी पायाचं डायल गेज, पंप ओढायला दोन स्लाइड हॅमर, आणि क्लच पिस्टनच्या स्प्रिंगा दाबायचा कंप्रेसर. हा शेवटचा जुगाड करून चालत नाही. त्या स्प्रिंगांत भरपूर जोर असतो आणि सर्क्लिप निसटली तर ती सरळ तोंडावर येते, म्हणून चष्मा लावूनच काम. मोठा टॉर्क रेंच अंदाजाने वापरला की ॲल्युमिनियमचे आटे जातात: पॅनच्या बोल्टला सुमारे १२ फूट-पाउंड (१४४ इंच-पाउंड) पुरतात, आणि जास्त आवळला की पॅनची कड वाकून तिथूनच गळतं.

धुण्यासाठी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, रुंद ट्रे, नायलॉनचे ब्रश आणि कोरडी, दाब कमी-जास्त करता येणारी हवा. पेट्रोल नको. कॉस्टिक सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो. पुसायला धागे न सुटणारे कागदी रुमाल. जुन्या बनियनचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणाऱ्या भागात) गेला की व्हॉल्व्ह अडकतो. बॉक्सचा बाहेरचा चिखल-मळ मात्र उघडायच्या आधीच घासून काढायचा, नंतर तोच आत जातो.

उघडायच्या क्रमात पहिलं काम मापाचं आहे आणि ते राहिलं तर परत करता येत नाही. पंप काढण्याआधी इनपुट शाफ्टवर डायल गेज लावा, शाफ्ट आत-बाहेर हलवा आणि आकडा वहीत लिहा. या बॉक्सला तो ०.०१० ते ०.०४४ इंच, म्हणजे साधारण ०.२५ ते १.१ मिलिमीटर, असायला हवा. त्याहून जास्त भरला तर आतलं एखादं वॉशर झिजलंय, आणि जुळवणीच्या वेळी पंपाजवळचं वॉशर वेगळ्या जाडीचं घ्यावं लागेल. मग बॉक्स उलटा करून पॅन, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी. तिच्या प्लेटखाली केसच्या (बॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या) खाचांत पाव इंचाच्या चार स्टीलच्या गोळ्या असतात. प्लेट हलवण्याच्या क्षणी मोबाइल हातात हवा: वरून एक फोटो, तिरका एक. गोळी चुकीच्या खाचेत गेली किंवा एक कमी पडली तर गिअर विचित्र वेळी पडतात आणि कारण शोधायला सगळं पुन्हा खाली. हेच काम गाडीखाली करायला गेलात तर त्या गोळ्या आधी तोंडावर आणि मग जमिनीवर.

पुढचे भाग निघतील त्याच क्रमाने लांब टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडा, प्रत्येक वॉशर त्याच्या शेजाऱ्याला टेकवून. प्रत्येक क्लचचं सगळं सामान वेगळ्या ट्रेमध्ये. रोलर क्लच काढण्याआधी तो कुठल्या दिशेने फिरतो आणि कुठल्या दिशेला अडतो याची बाणाने नोंद करा. पंपाच्या गिअरवर मार्करने खूण, म्हणजे त्याच बाजूने परत बसतील. व्हॉल्व्ह बॉडी मात्र, गिअर बदलण्याची तक्रार नसेल तर, धुऊन आणि व्हॉल्व्ह मोकळे सरकतात का एवढं पाहून ठेवून द्यावी.

तपासणीत वेळ घालवण्याची जागा म्हणजे केस. या बॉक्सचा सेंटर सपोर्ट केसमधल्या दातांवर बसतो आणि वर्षानुवर्षं हलून ते दात खातो. सपोर्ट बसवून हाताने पिळून बघा. खडखडत असेल तर नव्या किटने काही होणार नाही, केसचाच उपाय करावा लागेल. स्टील प्लेटांवर निळे डाग असतील तर टाकून द्या. पिस्टनला बारीक तडे, ड्रममधल्या रिंगांच्या जागी नखाला लागेल अशी खाच, पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे: यातलं काही सापडलं आणि ते वहीतल्या तक्रारीशी जुळलं, की कारण सापडलं.

जुळवणीच्या आदल्या रात्री फ्रिक्शन प्लेटा एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) बुडवून ठेवा. अर्धा तास तरी हवाच. गोळ्या आणि वॉशर जागेवर चिकटवायला पेट्रोलियम जेली, चाकाचं ग्रीस कधीच नाही, कारण ते तेलात विरघळत नाही आणि फिल्टर-व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. ओठाचं सील दाबाच्या बाजूला तोंड करून, आणि ते ड्रममध्ये सरकवताना ओठ दुमडू नये म्हणून सर्वांत पातळ फीलरची पट्टी. क्लच भरल्यावर मोकळीक मोजा: ढोबळ हिशोब दर फ्रिक्शन प्लेटमागे ०.०१० इंच. मग ३० ते ४० पीएसआयच्या हवेने क्लच वाजवून बघा. घट्ट ‘ठप्प’ आवाज आला तर सील धरतंय, नुसता फुसफुसला तर पुन्हा काढा. पंपाचे दोन भाग एकमेकांना जोडताना भोवती मोठी पट्टी आवळून ते एककेंद्री करा आणि मगच बोल्ट; नाहीतर पंप केसमध्ये सरळ उतरत नाही. पंप बसवताना डोकी कापलेले दोन लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून लावा, आणि आवळताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवत राहा. फिरायचा थांबला तर तिथेच थांबा, आत वॉशर निसटलंय.

कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, घरी धुता येत नाही. जुन्या बॉक्समध्ये चुरा निघाला असेल तर तो बदलायचा किंवा कापून दुरुस्त करणाऱ्याकडे द्यायचा. कूलर आणि त्याच्या नळ्या नेहमीच्या उलट दिशेने धुऊन काढा. कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात लिटरभर तेल ओता आणि फिरवत-फिरवत ढकला. तो तीन वेळा ‘टक’ करून आत उतरतो. दोनदाच उतरला असेल आणि तुम्ही बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून त्याला आत ओढलंत, तर इंजिन चालू होताच पंप तुटतो. बेल हाउसिंग हाताने इंजिनाला टेकायला हवं, आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागच्या टोकाची पातळ चकती) ते कन्व्हर्टर यांत ३ ते ५ मिलिमीटर फट राहून कन्व्हर्टर हाताने फिरायला हवा.

तेल डेक्सरॉन जातीचं, १२ लिटर तरी आणून ठेवा. कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टर धरून साधारण ९ ते १० लिटर लागतं, नुसता पॅन काढला तर ३ च्या आसपास. इंजिन सुरू करण्याआधी ४ ते ५ लिटर आत, सुरू होताच दुसऱ्या माणसाने ओतत राहायचं. कूलरची परतीची नळी पहिल्यांदा मापाच्या भांड्यात सोडा: २० सेकंदांत लिटरभर तेल यायला हवं, कमी आलं तर कूलर तुंबलाय, ताबडतोब बंद. नंतर ब्रेक दाबून दांडी सगळ्या जागांवर फिरवा आणि तेल गरम झाल्यावर, सपाट जमिनीवर, ‘पार्क’मध्ये, इंजिन चालू ठेवून पातळी बघा. जास्त झालं असेल तर उपसून काढा, फिरते भाग त्याला घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरता येत नाही.