या चुका टाळा: वंशावळीत एकाच नावाचे पूर्वज गुंततात तेव्हा

सुरुवात छत्रपतींच्या घराण्यापासून करू, कारण तिथले दुवे पक्के माहीत आहेत. शहाजीराजांचे थोरले चिरंजीव संभाजीराजे. ते कनकगिरीच्या लढाईत कामी आले. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव संभाजी. १६९८ साली राजाराम महाराजांना राजसबाईंपासून मुलगा झाला, त्याचेही नाव संभाजी. लागोपाठ तीन पिढ्यांत तीन संभाजी, आणि दोन्ही वेळा नाव ठेवले ते गेलेल्या काकाचे. संभाजी महाराजांच्या मुलाचे, म्हणजे पुढच्या शाहू महाराजांचे, जन्मनाव शिवाजी. राजाराम आणि ताराबाई यांच्या मुलाचे नावही शिवाजीच. दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघांना नाव एकाच आजोबांचे. जिजाबाईसुद्धा दोन: एक शिवरायांच्या मातोश्री, दुसऱ्या कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या राणी.

इथे गोंधळ होत नाही, कारण या घराण्याची पत्रे, बखरी आणि तारखा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासल्या गेल्या आहेत. तुमच्या-माझ्या घराण्यात नावांची परंपरा हीच, पण हाताशी असतात चार फेरफार (जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदी), कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली, एखादी ओळ आणि आजीने सांगितलेली आठवण. मग दोन रामजींचा एक रामजी होतो, मधली एक पिढी नाहीशी होते आणि पणजोबा ज्या घरातले नव्हतेच त्या घरात जाऊन बसतात.

नाव जुळले, म्हणजे माणूस सापडला

सगळ्यात जास्त नुकसान या घाईने होते. आडनाव तेच, गाव तेच, नाव तेच, म्हणजे आपलाच पूर्वज, असे मनाने घेतले की पुढचा प्रत्येक कागद त्याच नजरेने वाचला जातो. एका आजोबांचे तीन मुलगे आणि तिघांनीही थोरल्या मुलाला वडिलांचे नाव ठेवले, तर एकाच वाड्यात, जवळपास एकाच वयाचे, एकाच नावाचे तीन भाऊ वाढतात. फरक असतो तो फक्त मधल्या नावात, आणि जुन्या कागदात मधले नाव पुष्कळदा नसतेच.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. आधी माणसे मांडू नका, नोंदी मांडा. प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र कागद. त्यावर नाव जसे लिहिले आहे तसेच, वडिलांचे नाव, गाव, तारीख मूळ सनासकट, जमिनीचा नंबर आणि त्या नोंदीत आलेली इतर सगळी माणसे: भाऊ, बायको, साक्षीदार, शेजारचा शेतकरी. दोन कागद एकाच माणसाचे आहेत असे ठरवायचे असेल तर नाव सोडून आणखी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. तोपर्यंत ते दोन रामजी वेगळे आहेत असे धरा. वेगळे ठेवलेले दोघे नंतर एकत्र करणे सोपे जाते. एकत्र केलेले दोघे वेगळे करायचे म्हटले तर त्यांच्या खाली लिहिलेली सगळी मुले-नातवंडे उसवावी लागतात.

वडिलांचे नाव आहे, मग शंका कशाला

‘रामजी बिन तुकोजी’, म्हणजे तुकोजीचा मुलगा रामजी, एवढे मिळाले की शोधणारा निश्चिंत होतो. पण आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत असेल तर रामजी बिन तुकोजी, त्याचा मुलगा तुकोजी बिन रामजी, आणि त्याचा मुलगा पुन्हा रामजी बिन तुकोजी. वडिलांच्या नावासकट तंतोतंत तोच माणूस पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा उभा राहतो.

पेशव्यांच्या घरातले उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव ते बाजीराव बल्लाळ. बाळाजी बाजीरावांचे चिरंजीव ते माधवराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे बाळाजीचाच मुलगा, पण हे बाळाजी दोन. नुसत्या नावांवरून तक्ता मांडणारा माधवरावांना बाजीरावांचे धाकटे भाऊ ठरवील. प्रत्यक्षात ते नातू.

म्हणून अशा घराण्यात बायकोचे नाव सोन्यासारखे आहे. जुन्या दस्तात ‘गंगाबाई कोम रामजी’ असे लिहिलेले असते. कोम म्हणजे अमक्याची बायको. आजोबा आणि नातू दोघे रामजी बिन तुकोजी असतील, पण दोघांच्याही बायकोचे सासरचे नाव गंगाबाईच असण्याचा योग कमी. तरी लग्नात नाव बदलते हे विसरू नका. माहेरच्या कागदात तीच बाई वेगळ्या नावाने असते. पहिली बायको वारल्यावर केलेले दुसरे लग्नही तपासा, नाहीतर एका माणसाचे दोन संसार पाहून तुम्ही त्याचे दोन माणसे कराल.

‘थोरले’, ‘धाकटे’ या शब्दांवरही फार विसंबू नका. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव हे चुलते-पुतणे, बाप-लेक नव्हेत. शिवाय दुसरा माणूस त्या नावाचा झाल्याशिवाय पहिल्याला कोणी थोरला म्हणत नाही, म्हणजे ज्या कागदात ‘थोरले’ आहे तो नंतरचा असण्याची शक्यता मोठी.

एकाच नावाची अनेक रूपे

ही उलटी चूक: एकच माणूस, आणि वंशावळीत झाले तीन. महादेव आणि महादजी, मोरेश्वर आणि मोरो, नारायण आणि नारो, रघुनाथ आणि राघो, केशव आणि केसो ही एकाच नावाची रूपे असू शकतात. त्यात घरगुती हाका: नाना, तात्या, आबा, बापू, अण्णा, भाऊ. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, म्हणून आजोबांचे नाव मिळालेल्या नातवाला बऱ्याच घरांत आयुष्यभर भलत्याच नावाने हाक मारली गेली. कागदावर बाळाजी, घरात नाना. बाळाजी बाजीराव पेशवे हे नानासाहेब आणि बाळाजी जनार्दन भानू हे नाना फडणवीस, इतके हे सार्वत्रिक आहे. आणि या नाना फडणवीसांचे आजोबाही बाळाजीच.

मोडी कागद असेल तर आणखी जपून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहिले जातात, त्यामुळे एक नाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहते. लिप्यंतर करून घेताना नुसता मजकूर घेऊ नका. मूळ पानाचा स्पष्ट फोटो जवळ ठेवा आणि महत्त्वाचे नाव दुसऱ्या जाणकाराकडून, पहिले वाचन न सांगता, वाचून घ्या.

सनाचा घोळ

समान नावाच्या माणसांना वेगळे करणारे सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे तारीख, आणि नेमकी तीच चुकीची बदलून घेतली जाते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. हाच दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. हाच जुन्या मराठी कागदांत येणारा शुहूर सन ११६१, जो कागदावर आकड्यात न येता ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा शब्दांत येतो: एक, साठ, शंभर, हजार. आणि हेच महसुली कामाच्या फसली सनाचे ११७०.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन आणि दख्खनचा फसली सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होतात. शुहूरमध्ये ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. फसलीत ५९०, आणि जानेवारीपासून ५९१. फसली सन शुहूर समजून वाचला तर नऊ वर्षांची चूक होते. धाकटा चुलतभाऊ थोरल्याच्या जागी जायला नऊ वर्षे पुरतात.

नुसते संवत्सराचे नाव असलेला कागद याहून फसवा. संवत्सरे साठ, आणि साठ वर्षांनी तेच नाव परत येते. पानिपतच्या वर्षी विक्रम संवत्सर होते, पुढचे विक्रम संवत्सर शके १७४२ मध्ये. आजोबा आणि त्याच नावाचा नातू यांच्यातले अंतर साधारण तेवढेच असते. अशा कागदाला शक किंवा दुसऱ्या सनाचा आधार मिळेपर्यंत कोणाच्याही नावावर टाकू नका.

सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे माणूस जिवंत होता

नाही. वारसनोंद करायची राहिली तर मेलेल्या माणसाच्या नावाने खाते वर्षानुवर्षे चालते. एखादा पूर्वज शंभर वर्षे जगला असे दिसू लागले तर दोनच शक्यता धरा: एकतर खाते मयताच्या नावाने चालू राहिले, नाहीतर ते दोन माणसे आहेत. दोन्हीचा निकाल फेरफाराच्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लागतो. ‘खातेदार अमुक बिन तमुक मयत, वारस येणेप्रमाणे’ अशी नोंद मिळाली की मृत्यूचा काळ, मुले आणि विधवा असा सगळा गट एकदम हाती येतो. माझ्या मते वंशावळीच्या कामात या एका नोंदीएवढा भरवशाचा कागद सामान्य घरांसाठी दुसरा नाही. नावामागची छोटी अक्षरेही वाचा. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: खातेदार तेव्हा लहान होता, आणि शेजारी लिहिलेले नाव त्याच्या पालकाचे आहे, दुसऱ्या मालकाचे नव्हे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: मागे भाऊ आहेत, फक्त त्यांची नावे लिहिलेली नाहीत.

जमिनीचा नंबर ही माणसाची चांगली ओळख आहे, पण तो बदलतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना-नवा नंबर आधी जुळवा. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा दिलेली असते. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणाचे, हे वाचून दोन रामजींपैकी कोणता रामजी हे पुष्कळदा लगेच कळते, कारण शेजार सहसा पिढी-दोन पिढ्या टिकतो.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकात, जन्माच्या ओळीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे व्हायचे असते. ‘रामजीस मुलगा’ एवढेच. गावात दोन रामजी असतील तर हा मुलगा कोणाचा हे या ओळीवरून ठरवू नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखाही जपून घ्या. १ जून ही तारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

दत्तक

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. साध्या घरांत दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच. मग आडनाव, गाव काहीच बदलत नाही, बदलते फक्त वडिलांचे नाव, आणि कधी स्वतःचेही. एखादा मुलगा एका फांदीवरून अचानक दिसेनासा झाला आणि त्याच सुमारास निपुत्रिक चुलत्याच्या फांदीवर तेवढ्याच वयाचा मुलगा उगवला, तर दत्तकपत्र शोधा. इनामदार किंवा वतनदार घराणे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या इनाम कमिशनच्या (इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासणाऱ्या मंडळाच्या) कागदांत वंशावळी मिळतात. मात्र त्या हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेल्या असत. ज्या शाखेचा हक्क नव्हता ती त्यात गाळलेली असू शकते.

वही आणि छापील ग्रंथ

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे असतात. आजोबा, वडील, भाऊ, मुले एकाच नोंदीत एकत्र येतात, त्यामुळे समान नावांचा गुंता सोडवायला ही नोंद फार उपयोगी. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडेही, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्यांकडेही, पिढ्यांची नामावळ असते. पण यात्रेकरू स्वतःच्या डोळ्यांदेखतच्या माणसांबद्दल जे सांगतो ते पक्के, आणि पणजोबांच्या वर जे सांगतो ते ऐकीव. छापील कुलवृत्तांताचेही तसेच. त्यातले दुवे सुरुवातीला हाताशी घ्या, पण दोन समान नावांचा प्रश्न त्याच्यावर सोडवू नका. छापणाऱ्यापुढेही हाच गुंता होता.

तरीही अडकलात तर

एका गावातल्या त्या नावाच्या सगळ्या नोंदी, आपल्या असोत वा नसोत, सालाप्रमाणे एकाखाली एक लिहा. ‘आपल्या’ रामजीला ओळखायचे तर गावातल्या बाकीच्या रामजींनाही ओळखावे लागते. मग वये तपासा. बाप आणि मुलगा यांच्यात वीस ते चाळीस वर्षांचे अंतर बसते का, मेल्यानंतर कोणी साक्ष दिलेली नाही ना, आणि एकाच वर्षी एकच माणूस दोन दूरच्या गावांत खंड भरताना दिसत नाही ना. साक्षीदारांची नावे जुळवा, सही किंवा निशाणी जुळवा. जिवंत माणसाच्या पक्क्या माहितीपासून मागे जा. मधली पिढी सोडून एखाद्या नामांकित पूर्वजापासून खाली येऊ नका, कारण तिथे जोडून घेण्याचा मोह जिंकतो. वारसदाखल्यासाठी किंवा जात पडताळणीसाठी हीच वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची असेल, तर न जुळलेला दुवा त्यात घालू नका. तिथे नुसते नावसाधर्म्य टिकत नाही, आणि खोटे शपथपत्र दिल्याचा आरोप अंगावर येऊ शकतो.

एवढे करूनही दोन रामजी सुटले नाहीत, तर तक्त्यात दोघांनाही जागा द्या आणि मधली रेघ तुटक ठेवा. तिच्याजवळ पेन्सिलने लिहा की ते एकच का वाटतात आणि वेगळे का वाटतात. त्याखाली कोणते दप्तर अजून पाहायचे राहिले आहे ते लिहा: तहसीलच्या अभिलेख कक्षातला जुना फेरफार, १४ नंबरची न मिळालेली वर्षे, उपाध्यायांची वही, आत्याच्या सासरचे कागद.